पहिल्या बाळंतपणाचा खर्च आणि विहीणबाईचं मागणं

आता माझ्या नातसुनेला दिवस गेलेत. ती आणि नातू दोघं रोज संध्याकाळी बसून सोनोग्राफीचे इतके, दवाखान्याचे इतके, असा हिशोब जुळवत असतात. जुळवावाच. मी नाही म्हणत नाही. पण ऐकता ऐकता मला माझं पहिलं बाळंतपण आठवतं. तेव्हाही हिशोब झाला होता. त्यात माझा जीव पैशात अडकलेला नव्हता, माझ्या बापाच्या लाल बैलात अडकला होता.

ऐंशी सालानंतरची दोन-चार वर्षं धरा. आमचं गाव सिंदेवाहीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. घरात मी आणि सासू. सासूला मी मामी म्हणायची. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. नवरा घुग्घुसला ठेकेदाराकडे कोळसा भरायच्या कामावर होता, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. ठेकेदाराचा माणूस म्हणजे कंपनीचा दवाखाना त्याच्यासाठी नाही, त्याच्या बायकोसाठी तर नाहीच.

आमच्याकडे रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि त्याचा सारा खर्च माहेरानं करायचा. पण माझी आई माझ्या लग्नानंतर वर्षभरातच गेली. बाबा एकटे. दीड एकर धानाची बांधी, एक बैलजोडी, आणि चुलीपाशी बसायला कोणी बाई नाही. तिथे मी बाळंत होणार कशी? तेव्हा ठरलं की सासरीच होऊ द्यायचं. पण खर्च कोणाचा, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. खर्च माहेराचाच असतो.

होळी झाल्यावर बाबा आले. मांडवात बसले, पाणी प्यायले आणि हसत हसत म्हणाले, "माय, तू फिकर करू नको. लाल बैल काढतो म्हणतो बाजारात. भाव चांगला आहे."

माझ्या हातातला गडवा तसाच राहिला. एका बैलानं बांधी कशी वाहणार? पेरणीच्या दिवसात बाबा दुसऱ्याच्या बैलाची वाट पाहत बसले, की त्यांची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सगळ्यात मागे पडणार. मी म्हटलं, "बाबा, काही आणू नका. आम्ही करून घेऊ."

बस, तिथेच बिघडलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "काऊन? तुही माय मेली म्हणून तुह्या बापाचं घर मेलं का? लोकायनं माह्या तोंडावर थुकाव म्हणतेस?"

"तसं नाई बाबा..."

"बैल माहा आहे. मी पाहीन काय करायचं ते."

उठले आणि जेवल्याशिवाय गेले. भात चुलीवर होता, तो तसाच राहिला. मी आत येऊन रडायला लागले. मामी सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सारं ऐकलं होतं, आमचं घर काय मोठं नव्हतं. म्हणाल्या, "अवं, रडतेस काय? माणसाले 'देऊ नको' म्हटलं का तो दोन हातानं देते. तुले एवढंही समजत नाई?"

"मग काय करू मामी?"

"थांब. आधी लागते किती ते तं पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चिंचोके घेऊन बसल्या. मातीच्या अंगणात एकेक चिंचोका ठेवायचा आणि नाव घ्यायचं. हा गूळ. हे खोबरं. ही खारीक. हे तूप. हे सुईणीचं लुगडं. हा चंद्रपूरच्या गाडीचा, समजा अडलीच तर. हा डिंक. ही गोडंबी. हा मध. ही बाज, कारण घरातली बाज मोडकी होती आणि ओल्या बाळंतिणीला जमिनीवर कोण निजवतो? पाचवीच्या पूजेचा चिंचोका त्यांनी हातात घेतला आणि परत टोपलीत टाकला. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ती पूजा बंद होती. "हा एक खर्च तं वाचला आपला," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मग त्यांनी बोटानं सारे चिंचोके विस्कटले आणि दोन ढीग केले. एका ढिगात जे पैशाशिवाय येत नाही ते. दुसऱ्यात जे माणसाच्या हातानं होतं. डिंक जंगलात आहे, धावडा पाझरतो, जाऊन काढायचा. मध जंगलात आहे. बिबे जंगलात आहेत, फोडले की गोडंबी. बाजेला लाकूड आणि अंबाडीची दोरी.

"हा पैशाचा ढीग आपला," त्या म्हणाल्या. "अन् हा हाताचा तुह्या बापाचा. पण मागाव लागंल. चांगलं ठणकावून मागाव लागंल, लोकायच्या समोर. म्हणजे त्याच्या गावाले वाटंल का इहीणबाईनं सोडलं नाई, अन् त्यानं सारं दिलं. अन् लय मागाव लागंल, त्याले बाजाराले जायले सवडच नाई भेटली पायजे."

"लोकं तुम्हाला नावं ठेवतील मामी."

"ठेवू दे. माह्या अंगाले काय भोकं पडतात?"

नवरा घरी आला तेव्हा त्याला घेऊन त्या माझ्या माहेरी गेल्या. तिथे काय झालं ते नवऱ्यानंच मला नंतर सांगितलं. सांगताना तो हसतही होता आणि लाजतही होता. बाबांच्या घरी न जाता मामी आधी पारावर बसल्या, जिथे चार माणसं होती. बाबांना तिथेच बोलावणं धाडलं. ते आले, पाणी आलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "भाऊ, लेक आमच्याइथी बाळंत होऊन राह्यली म्हणून तुमी सुटलो समजू नका. रीत ते रीत."

बाबा म्हणाले, "मी कुठी नाई म्हणतो इहीणबाई? पैशे घेऊनच..."

"पैशे?" मामी अशा बोलल्या की पारावरचे सारे वळले. "पैशे काय आमी पाह्यले नाई? माहा लेक घुगुसले कोळसा उचलते, पैशे आणते. मले धावड्याचा डिंक पायजे, साधा नाई, पांढरा. मध पायजे. गोडंबी पायजे पायलीभर. अन् बाज पायजे, नवी, अंबाडीच्या दोरीची. बाजारातलं मी घरात घेणार नाई, सांगून ठेवतो. तुमच्या हातचं पायजे."

एक म्हातारा म्हणाला, "बाई, पायलीभर गोडंबी? बिबे फोडता फोडता माणसाची उमर जाईल."

"जाऊ द्या की. तुमचीही जाऊन राह्यली, इथी बसून."

लोक हसले, पण राग आला त्यांना. मामी निघाल्यावर मागून एक बाई म्हणालीच, "पोरगी कोन्या घरी देली वो भाऊ, मागतकरणीच्या?" नवऱ्यानं ऐकलं. मामींनीही ऐकलं असणार. त्या सरळ चालत राहिल्या.

मग आमचा पैशाचा ढीग. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. मामी पहाटे अंधारात जंगलात जायच्या, दुपारपर्यंत डोक्यावर गाठोडं घेऊन यायच्या. मी पोट सांभाळत सावलीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायची. पाठ मोडून यायची, पण पत्ता खरेदीच्या फडीवर पुडे मोजून दिले की घरात पैसे यायचे. नवऱ्यानं तंबाखूचा खर्रा सोडला. सोडला म्हणजे आमच्यापुरता सोडला, घुग्घुसला काय करत होता देव जाणे. आधी गूळ आला, मग खोबरं. सुईणीचं लुगडं मामींनी आपल्या पेटीतलं काढलं, एकदाच नेसलेलं. गाडीभाड्याचे पैसे त्यांनी एका गाडग्यात घालून वर टांगले आणि मला बजावलं, "याले हात लावाचा नाई, मी मेली तरी." आणि बाकीच्या दिवसांत आम्ही आंबील पिऊन राहिलो.

माझ्या मनात मात्र एकच. बैल आहे की गेला? तिकडून कोणी येत नव्हतं, विचारावं कोणाला? विचारलं तरी काय म्हणून?

हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी बाबांची बंडी आली. मी दारातच होते. मी बापाचं तोंड पाहायच्या आधी जुवाखाली पाहिलं, खोटं कशाला सांगू. लाल बैल उजव्या बाजूला उभा होता, शेपटीनं माशा हाकलत. मी आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग बापाला पाणी दिलं.

बंडीत उलटी टाकलेली नवी बाज, बाजेखाली डिंकाचं गाठोडं, मधाची बाटली आणि फडक्यात बांधलेली गोडंबी. मामींनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. डिंक उजेडात धरला. गोडंबी ओंजळीत घेतली, पांढरी, साफ. मग त्यांची नजर बाबांच्या हातांवर गेली.

दोन्ही हात काळे पडलेले. बोटांवर फोड येऊन फुटलेले, मनगटापर्यंत कातडी निघालेली. एका डोळ्याखालीसुद्धा डाग. बिब्याचं तेल उततं. आमच्याकडे कोणतीही बाई बिबे फोडायला बसते तेव्हा आधी हाताला तेल चोपडते, राखेत हात घोळवते. पण ते बायकांचं काम. माझ्या बापानं जन्मात कधी बिबा फोडला नव्हता. आईनं फोडले होते, आणि आई नव्हती. शेजारणीला सांगता आलं असतं, पण इहीणबाईनं पारावर सांगितलं होतं, तुमच्या हातचं पायजे. हा माणूस रात्री भात खाऊन एकटा दगडावर बिबे ठेचत बसला होता.

मामींनी हे मोजलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं की भावकीतली कोणी बाई फोडून देईल आणि नाव बाबांचं होईल. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगून टाकतात. पण त्या ओरडल्या, "भाऊ, बिबे फोडाले हाताले तेल लावाव लागते! एवढे मोठे झाले, एवढंही माहीत नाई तुमाले?"

बाबा हसले. "आता झालं माहीत."

मामी आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. खोबरेल तेलाची वाटी बाबांपुढे ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "लावून दे." बाळाच्या अंगाला लावायला म्हणून आम्ही बाजूला ठेवलेलं तेल होतं ते. सगळं बाबांच्या हातांना लागलं.

मी तेल लावत होते तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "तुही सासू लय कजाग आहे माय. बैल काढाचा होता, पण हिच्या मागण्यापाई बाजाराले जायले सवडच नाई भेटली. आता म्हटलं राहू दे, सारं तं झालं हातानंच."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग मामींचा आवाज आला, "बाजेची दोरी ढिली आहे. आवळून द्या, मंग जा. जेवल्याशिवाय कोनी जायचं नाई."

दोरी ढिली नव्हती. मी बसून पाहिली होती. बाबा त्या दिवशी दोनदा जेवले.

पुढे माझी मुलगी झाली, घरातच, सुईणीच्या हातावर. गाडग्यातल्या पैशांना हात लावावा लागला नाही. मामींनी लाडू वळले आणि त्यांतला एकही स्वतः खाल्ला नाही. नामकरणाला माझ्या माहेरच्या बायका आल्या. मामी वाढत असताना एक म्हणाली, "खाऊन घ्या बायांनो, ह्या घरी घेतेतच लय, देतेत कुठी?" मामींनी तिच्या ताटात आणखी एक वाढणी भात टाकला.

रात्री मी म्हटलं, "मामी, आता बाबाला सांगू का? तुम्ही कशासाठी मागितलं ते?"

"काऊन सांगतेस? त्याले वाटून राह्यलं का त्यानं लेकीची रीत पुरी केली. अन् केलीच ना, कातडी जाळून केली. तू सांगशील तं ते माही दया होईल. मंग त्याच्यापाशी काय राहील?"

मी सांगितलं नाही. त्या पावसाळ्यात बाबांची रोवणी गावाच्या बरोबरीनं झाली. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा आले, तेव्हा फाटकापासूनच ओरडत, "इहीणबाई, यंदा काय मांगता?" आणि मामी आतून काहीतरी मागायच्याच. कधी सूप, कधी झाडू, कधी नुसता भाजीपुरता कुड्याच्या फुलांचा वाटा.