बांधावरचा स्वार

मी आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. भुताखेतांच्या कितीतरी गोष्टी माझ्या हाताखालून गेल्या, पण एकीवरही विश्वास बसला नाही. पोटापाण्यासाठी लोक काय काय लिहितात, असं वाटायचं. आज मी स्वतःच लिहितोय... हसायचं त्याने खुशाल हसावं.

स्वातंत्र्य मिळून बारा-तेरा वर्षं झाली असतील. आमचं गाव अलिबागच्या खारेपाटात, रेवसच्या अलीकडे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मध्ये मातीचा बांध. उधाणात बांध फुटून खारं पाणी आत आलं, की पुढची तीन वर्षं त्या जमिनीत दाणा पिकत नाही. त्या बांधावर कमरेएवढा कोरीव दगड उभा होता – घोड्यावर स्वार, हातात भाला, तोंड खाडीकडे. कोण कुठला वीर, कुणालाच ठाऊक नव्हतं. गाव त्याला राखण्या म्हणायचं. पेरणीआधीचा पहिला नारळ त्याचा.

त्या वर्षी मी गणपतीला मुंबईहून घरी आलो होतो. माझा चुलतभाऊ अनंतदादाही आला होता. तो मुंबईत एका बड्या शेठकडे कामाला होता. ओटीवर बसून म्हणाला, "जंजिरा बघायला कुठून कुठून लोक येतात, आणि आपल्या राखण्याला कुत्रं विचारत नाही. तालुक्याला नेऊन साफ करू, आठ दिवसांत परत आणू, वर छप्पर घालू. व्हिजिटर आले की रस्ता मागोमाग येतो बघ."

रस्ता म्हटल्यावर मी विरघळलो. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, मीच पटवलं. आबा म्हणाले, "तो देवाचा हाय, आपला न्हाय. त्यालाच इचारतो." त्यांनी कौल लावला. स्वाराच्या छातीवर भिजवलेल्या तांदळाचे दोन दाणे चिकटवले – उजवा आधी पडला तर होकार. उजवाच पडला.

मग दादाने खिशातून एक इंग्रजी कागद काढला आणि आबांचा अंगठा मागितला. आबांनी माझ्याकडे बघितलं. "वाचलास नं रं?"

"व्हय आबा," मी म्हणालो. वाचला नव्हता. दादाचा कागद काय वाचायचा, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतःच्या गाडीला बैल जुंपले, दगडाला हळदकुंकू लावलं आणि चिखलातून मोठ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत त्याला पोचवून आले.

आठ दिवस गेले, महिना गेला. बांधात दगडाच्या जागी खड्डा तसाच होता. गावकरी बुजवू म्हणायचे, आबा बुजवू देईनात. म्हणायचे, "तो येनार हाय. आल्यावर उभा कुठं ऱ्हाईल?"

कोजागिरीच्या दिवशी आमच्या छापखान्याची मंडळी मुरूडला जंजिरा बघायला निघाली, त्यांच्यात मीही होतो. काशीदच्या पुढे गाडी गरम झाली म्हणून थांबली. टेकाडावर एक नवा बंगला होता. कुणीतरी म्हणालं, तिथे पोर्चमध्ये जुनी मूर्ती ठेवलीय, मालक लोकांना कौतुकाने दाखवतो. आम्ही वर गेलो. फाटकावर दादाच्या शेठचं नाव होतं...

राखण्या होता. तोंड बंगल्याकडे, पाठ समुद्राकडे.

भर दुपारचे बारा वाजले होते. टेकाडावर सगळी लाल, कोरडी माती, आणि दगड मात्र स्वाराच्या कमरेपर्यंत निथळत होता. खाली राखाडी चिखल. तो चिखल मी लहानपणापासून तुडवलाय, खाडीखेरीज कुठे मिळत नाही. बोट लावून जिभेवर टेकवलं, तर खारट.

माळी वैतागून म्हणाला, "मी न्हाय पानी घालत, सायब. पुनवेला नि आवसेला दुपारचा असाच भिजतो. पुसून पुसून हात दुखले."

मी जंजिरा बघितला नाही. मिळेल त्या गाडीने संध्याकाळी गाव गाठलं. आबा बांधावरच बसले होते. मी काही बोलायच्या आधी म्हणाले, "दुपारी उधान मोठं आलं. पानी खड्ड्याच्या तोंडाशी आलं नि तिथंच उभं ऱ्हायलं. आत न्हाय आलं. समद्यांनी बघितलं."

मी सगळं सांगितलं, न वाचलेल्या कागदाचंही. त्यांनी फक्त विचारलं, "तोंड कुठं केलंय त्याचं?"

"बंगल्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः मातीची पहिली पाटी टाकून खड्डा भरायला घेतला. म्हणाले, "परक्याच्या दारात उभा ऱ्हाऊन अजून आपलीच राखन करतो. आपन त्याला किती राबवायचं?"

दादाला मी मुंबईत गाठलं. त्याने दाखवलेल्या कागदावर दगड शेठला राजीखुशीने दिल्याचं लिहिलेलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "अंगठा तुझ्या बापाचा, आणि वाचून बघणारा तू. मला काय विचारतोस?" ज्याच्या ताटात जेवलो, त्याने तोंडावर असं ऐकवलं. त्यानंतर आमचं बोलणं संपलं. खरं सांगतो, त्याच्यापेक्षा मला स्वतःची जास्त चीड आली.

पुढच्या वर्षी पेरणीआधीची पुनव बघून मी पुन्हा बंगल्यावर गेलो. दगड खडखडीत कोरडा. माळी म्हणाला, "त्या कोजागिरीपासनं एकदा पन न्हाय भिजला."

पाणी तिथे कसं आलं, इकडे कसं थांबलं, खड्डा भरल्यावर का बंद झालं – मला आजही सांगता येत नाही. शिकलेल्या माणसांना विचारून बघितलं, दमट हवेच्या पलीकडे कुणी काही सांगू शकलं नाही. कौल उजवा का पडला, हे तर विचारायलाही कुणी नाही.

दगड कोरडा पडल्याचं आबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी आता तो आपला न्हाय ऱ्हायला." त्या पेरणीला ते नेहमीप्रमाणे नारळ घेऊन बांधावर गेले, भरलेल्या जागेपाशी थोडा वेळ उभे राहिले आणि नारळ न फोडता घरी घेऊन आले.