पाशामियाँचा वजनावर विश्वास नव्हता

अहमदपुरात तीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या पाशामियाँचा तोंडी सांगितलेल्या वजनावर विश्वास नव्हता. देवणीच्या बसवंतरावांनी नव्या इलेक्ट्रिक गाडीमागे बैल न्यायला चारचाकी ट्रेलर करून घेतला, तेव्हाच पाशामियाँनी आपल्या मुलीकडून, हुमाकडून, गाडीचं पुस्तक वाचून घेतलं होतं. बिनब्रेकचा ट्रेलर, आतल्या मालासकट, साडेसातशे किलो. त्यापुढे एक किलो नाही.

"रिकामा ट्रेलर तीनशे चाळीस," पाशामियाँ म्हणाले. "बैल?"

"चारशे."

"गेल्या साली उमरीच्या प्रदर्शनात सहाशे सांगत होता की."

"तिथं सांगावंच लागतंय, पाशाभाई. उपास धरलाय समजा त्यानं."

पाशामियाँ हसले नाहीत. बैल चढवून ट्रेलर शेजारच्या वजनकाट्यावर लावायला सांगितला आणि गाडीपासून सोडवला. आकडा आला सातशे. बसवंतराव लगेच काटेवाल्याकडं चिठ्ठी मागू लागले. ही घाई पाशामियाँना खटकली. ते गुडघ्यावर बसले, खाली वाकून बघितलं. मागचं एक चाक काट्याबाहेर होतं.

"चुकून राहिलं असंल," बसवंतराव म्हणाले.

चाक आत घेतलं. नऊशे तीस.

"गाडी वढती की. आवाजसुद्धा करत न्हाई."

"त्याचंच भ्या हाय. डिझेलचं इंजिन कण्हतंय, मालकाला कळतंय. ही गपचूप वढती. आन् घाटात थांबायच्या टायमाला मागून बैल ढकलतोय."

"सावकाश नेतो."

पाशामियाँनी ट्रेलर गाडीला जोडायची पिन खिशात घातली. "न्हाई."

नांदेडचं जनावरांचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. शेवटी बसवंतरावांनी सकाळी बैल सोडून गेलेला टेम्पो परत बोलावला. बैल त्यात चढला.

"रिकामा ट्रेलर तर नेऊ द्या आता."

नाही म्हणायला कारण नव्हतं. पाशामियाँनी पिन बसवली, दोनदा ओढून पाहिली. टेम्पो पुढं, गाडी मागं, दोन्ही नांदेडच्या रस्त्याला लागले. टेम्पोवाला आणि बसवंतराव निघताना एकमेकांच्या कानाशी काहीतरी बोलले होते.

पाशामियाँनी दुकान हुमावर सोपवलं आणि मोटारसायकलला किक मारली. गावाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी टेम्पो थांबलेला होता, त्याला चिकटून ट्रेलर. टेम्पोचं मागचं फाळकं अर्धं उघडं, आणि टेम्पोवाला बैलाचं दावं सोडत होता.

"चहा घ्या, पाशाभाई," बसवंतराव म्हणाले.

"फाळकं लावा आधी," पाशामियाँ म्हणाले, आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभे राहिले.