शिंपीकाकांची टेस्ट राइड

आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांना एकच व्यसन. शोरूममध्ये नवी मोटरसायकल आली की टेस्ट राइड घ्यायची आणि "घरी विचारून सांगतो" म्हणत सटकायचं. घरी विचारायची सोयच नव्हती. काकांनी गाडीवरून पडून हात मोडून घेतल्यावर काकूंनी बजावलं होतं, "पुन्हा गाडीवर दिसलात, तर मी माहेरी निघाले. मग करा एकट्याने संसार!"

त्या दुपारी काका गिऱ्हाइकाची बाही अर्धी टाकून गेले. शोरूमवाले एका फेरीपुरतंच पेट्रोल घालतात, हे त्यांना पाठ होतं. पण इंजिनाचा आवाज ऐकून गडी पार पुलापर्यंत वाहवत गेला. परतताना गाडीने ऐन सिग्नलला मान टाकली. मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि शेजारी भाजीची पिशवी घेऊन साक्षात काकू!

हेल्मेटची काच खाली होती म्हणून काका वाचले. पण तोंड उघडलं असतं तर खेळ खलास.

"भाऊ, ढकलू का?" काकूंनी विचारलं.

काकांनी नुसती मान हलवली. काकू मागून रेटू लागल्या. कडेला पोचेपर्यंत काकांचा शर्ट घामाने चिंब.

मग काकू पुढे आल्या आणि काकांच्या गळ्यात लोंबणारी मापाची टेप त्यांनी हळूच ओढली.

"एवढी तरी दुकानात ठेवून यायची की हो!"

काकांनी काच वर केली. "निघालीस माहेरी?"

"निघाले ना!" काकू पिशवीसकट मागच्या सीटवर चढून बसल्या. "तुम्हीच सोडा. पण आधी पंपापर्यंत ढकला."