डाव्या कानातलं गाणं

या ग्रुपवरचे तुमचे भुताखेतांचे, न उलगडलेले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचते. दुपारी मशीन बंद केली की मोबाईल घेऊन बसते. खरं सांगते, राग मानू नका — बरेचदा वाचून हसलेच आहे. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सासरी दृष्ट काढलेल्या मिरच्या जाळायला द्यायचे, तर मी त्या फोडणीला टाकायची. कुणाला काही झालं नाही, वरण मात्र झणझणीत व्हायचं. आज तीच बाई तुम्हाला हे लिहून राहिली आहे. शाळा माझी सातवीपर्यंत, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी घरातली माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. मी बासष्ट वर्षांची. मालक गेल्यावर नांदेडला धाकट्या भावाकडं, दिलीपकडं राहायला आले. तरोडा नाक्याजवळ घर. दिलीप शाळेत मास्तर. वहिनी, आणि त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा. ऋतू. समोरच्या खोलीत माझी शिलाई मशीन, पायडलची. मोटर बसवून देतो म्हणून दिलीप कितीदा म्हणाला, मीच नको म्हटलं. मला मशीन पायानं कळते, कानानं नाही.

आता कानाचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं.

मी नऊ वर्षांची असताना, कंधारला, माझा डावा कान फुटला. पू यायचा. कुणीतरी लसूण घालून कढवलेलं तेल ओतलं, जरा जास्तच गरम. त्या दिवसापासून तो कान गेला तो गेला. भिंत झाली. पुढं मला बघायला पाहुणे यायला लागले तसं आईनं शिकवलं — उजवी बाजू पाहुण्यांकडं करून बसायचं, आणि हे कुणाला बोलायचं नाही. मी तशीच बसले. लग्न झालं. मालकांना वर्षभरानं कळलं, ते हसले आणि पुढं जन्मभर माझ्या उजवीकडून चालले. आई गेली, ते गेले. मग जगात हे माहीत असलेलं दुसरं कुणी राहिलंच नाही. दिलीप तर तेव्हा जन्मलाही नव्हता. लपवायचं कारण कधीच संपलं होतं, पण सवय नाही ना संपत...

ऋतू नववीत गेली आणि तिला ते गाण्याचं वेड लागलं. मेटल म्हणतात त्याला. मला वाटलं भांड्याचं काही असेल. बेचाळीस डिग्रीत काळा टीशर्ट, काळी पँट, मनगटात काळा पट्टा. सकाळी दात घासताना हेडफोन, भांडी विसळताना हेडफोन, वहीच्या मागच्या पानांवर त्या बँडची नावं काढलेली. अशी काढायची की वाचताच येऊ नयेत. मी एकदा विचारलं, हे नाव आहे का बाभळीचं मूळ? ती म्हणाली, आत्या, वाचता आलं तर तो बँड खरा नाही.

तिच्या जीन्सच्या जाकिटावर कापडी बिल्ले मीच शिवून दिले. त्यामुळं बँड मला बिल्ल्यांवरून ओळखू यायचे. कवट्यांवाले, ते म्हणे फार जोरात वाजवतात. मुळ्यांवाले, ते बर्फाच्या देशातले, त्यांची गाणी सगळी मरणाची आणि जंगलाची. पुण्याची चार पोरं होती, मराठीत ओरडायची, त्यांचा बिल्ला ऋतूनं स्वतः रंगवलेला. आणि सगळ्यांत लाडके घुबडवाले. त्यांचा बिल्ला पाठीवर, मधोमध. तो शिवायला मला दोन दुपारी लागल्या. तिच्यासारखी वेडी पोरं उदगीरला एक, भोकरला एक, अशी सात-आठ जण. मोबाईलवरच त्यांचं गाव वसलेलं. एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण परीक्षेच्या आधी एकमेकांना गाणी पाठवायचे.

दिलीप म्हणायचा, घरात रोज मयत असल्यासारखं वाटून राहिलंय. मला मात्र पोरीचं कौतुक वाटायचं. ड्रम वाजवणारा माणूस दोन्ही पायांनी दोन पायडल मारतो, हे तिनं मला मशीनजवळ उभं राहून दाखवलं. "तुझ्यासारखंच गं आत्या. तू आपल्या घरातली ड्रमर आहेस."

रोज संध्याकाळी ती माझ्या खाटेवर येऊन बसायची, भिंतीच्या बाजूला, म्हणजे माझ्या डावीकडं. इअरफोनची एक गोळी तिच्या कानात, दुसरी माझ्या कानात. डाव्या. पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. पण तिचा चेहरा असा उजळलेला होता... घरात पहिल्यांदा कुणीतरी तिचं गाणं ऐकायला हो म्हटलं होतं. मी गप्प राहिले. तिचे पाय हलायचे, ते बघून मी मान डोलवायची. ती म्हणायची, इथं बघ आत्या, आता येईल बघ. मी म्हणायची, हाव, आलं. दोन वर्षं मी एकही गाणं ऐकलं नाही.

अकरावीला दिलीपनं तिला लातूरला क्लास लावला. डॉक्टर करायची. एका घराच्या वरच्या मजल्यावर तीन मुलींची खोली, खाली पिठाची गिरणी. जायच्या आदल्या दिवशी दिलीपनं जाकीट कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि तिच्या हातात बटणांचा साधा मोबाईल दिला. ऋतू काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला सहन झालं नाही. मी माझा जुना मोबाईल, सिम काढून, इअरफोनसकट तिच्या चादरीच्या घडीत सारला. दिलीपला सांगितलं नाही. चूक की बरोबर, अजून ठरवता आलं नाही.

त्यानंतर भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. शिवणाऱ्या बाईला हे दिवस फार धावपळीचे, कुणाला लक्ष्म्यांच्या मापाचं पोलकं पाहिजे, कुणाला झालर. ऋतूच्या खोलीवरच्या दोघी घरी गेल्या. ती आली नाही. टेस्टमध्ये मार्क घसरले होते, तर दिलीप फोनवर म्हणाला होता, सण दरवर्षी येतात, तू अभ्यास कर. आवाज चढवून नाही, थंड बोलला. ते जास्त लागतं.

महालक्ष्म्या बसवायचा दिवस. दुपारचा एक वाजत असेल. वहिनी दारापासून देवघरापर्यंत पावलं काढत होत्या. मी शेवटचं पोलकं शिवत होते. तर मला वाटलं, मशीनचा पट्टा घसरला. धडधड वेगळीच येऊन राहिली होती. मी पाय थांबवले. धडधड थांबली नाही.

उजव्या कानात बोट घातलं. आवाज तसाच. आणि मग माझ्या लक्षात आलं की तो डावीकडून येतोय.

मंडळी, त्रेपन्न वर्षं जी भिंत होती, तिच्यातून आवाज येत होता. कसा होता ते सांगते. दोन पायांचा ठोका, फार वेगात. मग सगळं एकदम बंद. मग एकच तार, कुणीतरी अंधारात चाचपडून वाजवावी तशी, सात वेळा. मधे मोठा श्वास. आणि मग दोन्ही पाय पुन्हा. हे पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि संपलं की परत पहिल्यापासून. मी त्या दुपारपर्यंत त्या गाण्यांतला एक ठोका ऐकलेला नव्हता, पण मला कळलं हे काय आहे. आणि ऋतूला काहीतरी झालंय, हेही कळलं. कसं कळलं विचारू नका.

तिचा फोन लावला, बंद. घरमालकीणबाईंना लावला, तर त्या सणाला जळकोटकडं गावी गेलेल्या. म्हणाल्या, काल सकाळी निघताना भेटली होती की, अभ्यास करून राहिली असंल. मी दिलीपला म्हटलं, आत्ताच्या आत्ता लातूरला चल.

तो पाटावर मुखवटे पुसत बसला होता. म्हणाला, "आक्का, आज? लक्ष्म्या घरात यायच्या टायमाला?"

म्हटलं, मला आवाज येतोय.

"कसला आवाज? शेजारी भजन चालू असंल."

आता त्याला काय सांगणार? बाईला कानात आवाज आला, तर त्यात नवल काय? नवल काय आहे ते फक्त मला माहीत होतं, आणि ते सांगायचं तर आईला दिलेला शब्द मोडल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मी त्याच्यासमोर खाली बसले. त्याचा हात धरून माझ्या डाव्या कानावर ठेवला आणि म्हटलं, "दिलीप, हा कान मेलेला हाय. तू जन्मायच्या आधीपासून. यातून मला ऋतूचं गाणं ऐकू येऊन राहिलंय."

गाण्यावर त्याचा विश्वास बसला नाही, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. पण बहीण इतकी वर्षं आपल्यापासून काही लपवू शकते, या गोष्टीनं तो हलला. मुखवटा पाटावर ठेवला आणि उठला. वहिनी पिठाच्या हातानं दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "जा तुम्ही. पावलं मी एकटी काढते."

एसटीत बसलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, गाणं चालूच. दिलीप दर अर्ध्या तासानं विचारायचा, आक्का, हाय का अजून? मी मान हलवायची. इतकं भयंकर गाणं, आणि मी मनात म्हणत होते, बाबा, थांबू नको.

चाकूरच्या स्टँडवर गाडी उभी होती. ती एकटी तार चालू होती. सातपैकी चार वेळा वाजली आणि बंद पडली. पुढं काहीच नाही. भिंत परत भिंत. दिलीपनं विचारलं तेव्हा मी मान हलवली नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. लातूर येईपर्यंत आम्ही भाऊ-बहीण एकमेकांकडं बघितलं नाही.

खोलीचं दार आतून लावलेलं. हाका मारल्या, कडी वाजवली. शेवटी खालच्या गिरणीवाल्यानं हातोडा आणून कडी तोडली. त्या बिचाऱ्याला दिवसभर जात्याच्या आवाजात काही कळलंच नव्हतं. ऋतू खाली सतरंजीवर पडलेली. अंग तव्यासारखं, ओठ फुटलेले, बाजूला उलटी सुकलेली. हाक मारली तर डोळे उघडेनात. दिलीपनं तिला उचललं. दहा वर्षांनी उचललं असेल त्यानं तिला. डेंग्यू होता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र अशीच गेली असती तर अवघड होतं.

सामान आवरताना मला दिसलं ते सांगते. माझा जुना मोबाईल उशीजवळ, बॅटरी संपून बंद पडलेला. इअरफोनची एक गोळी तिच्या कानातून निघालेली. दुसरी उशीच्या मोकळ्या भागावर, जिथं शेजारी दुसरं डोकं असावं तिथं, नीट ठेवलेली.

पाचव्या दिवशी तिला पेज गेली. दिलीप औषधं आणायला खाली गेला होता. मी तिच्या खाटेच्या लोखंडी दांडीवर दोन्ही हातांच्या बोटांनी ते वाजवलं. ठोका, बंद, सात वेळा तार, श्वास, पुन्हा ठोका. तिनं मान वळवली.

"आत्या, हे तुला कुठून येतं?"

मी म्हटलं, कुणाचं आहे सांग आधी.

"घुबडवाल्यांचं. पण हे नवीन आहे गं. मी लातूरला आल्यावर निघालं. भोकरच्या पोरानं मैत्रिणीच्या मोबाईलवर पाठवलं, तिथून मी घेतलं. तुला कधीच ऐकवलं नाही." मग म्हणाली, "ताप चढला तेव्हा तेच लावून पडले होते. तुझी गोळी तुझ्यासाठी बाजूला ठेवली होती. एकटीनं ऐकवेना."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कंधारचं तेल, आई, पाहुणे, आणि खाटेवरच्या त्या दोन वर्षांच्या संध्याकाळी.

"मग तू मान कशी डोलवायचीस?"

"तुझ्या पायाकडं बघून."

ती रडली, आणि मग रडता रडता हसली. म्हणाली, दोन वर्षांत एकदासुद्धा ठोका चुकली नाहीस.

नांदेडला आल्यावर दिलीपनं मला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डावा कान कायमचा गेलेला, म्हणाले, काहीच येत नाही त्यातून. मी आवाजाचं विचारलं. ते म्हणाले, मावशी, मेलेल्या कानातसुद्धा कधी कधी गुंजन होतं. असेल. पण गुंजनाला भोकरच्या पोरानं पाठवलेलं गाणं कसं पाठ असेल, ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांनाही ठाऊक नसणार. मला अजून ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल, तर सांगा. नसेल, तर तेही चालेल.

ऋतू आता घरूनच अभ्यास करते. परत आलो त्याच संध्याकाळी दिलीपनं कपाटाचं कुलूप काढलं. जाकीट खुर्चीच्या पाठीवर असतं, घुबड बाहेरच्या बाजूला.

घरी आल्यावर ती संध्याकाळी आठवणीनं माझ्या उजवीकडं येऊन बसायची. दोन-तीन दिवस ऐकलं मी. खरं सांगते, उजव्या कानाला तो नुसता गोंगाट आहे, पातेल्यांचं कपाट कोसळल्यासारखा. चौथ्या दिवशी मीच तिला म्हटलं, सरक, भिंतीकडं जा तुझ्या जागेवर.

तर ती डावीकडं बसते. एक गोळी तिला, एक मला. मला काही ऐकू येत नाही. मी तिच्या पायाकडं बघते आणि मान डोलवते.