कॅम्पला न गेलेली शीतल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि माझं त्याच्यापासून काही लपत नाही असं तो चारचौघांत सांगत असतो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की तुमच्यासमोर मान खाली घालावी लागणार नाही म्हणून? तसंच असेल.

वाशीच्या एका मुलींच्या कॉलेजात मी बास्केटबॉलची टीम सांभाळते. आज हेड कोच आहे. तेव्हा असिस्टंट होते, नेमणुकीची ऑर्डर दरवर्षी नव्याने निघायची. खेळ शिकवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे घरोघरी चहा पिऊन बापांना पटवणं — मुलगी बाहेरगावी जाईल, माझ्याच खोलीत झोपेल, टेन्शन घेऊ नका. यात माझा हातखंडा होता. अनोळखी फोन घरी गेले की बाप बिथरतात, म्हणून फॉर्मवर सगळ्या मुली माझाच नंबर टाकायच्या. नियम मीच केलेला.

शीतल कळंबोलीची. वडील मारुतीराव साताऱ्याकडचे, लोखंड बाजारात माल उचलायचे. राज्याच्या टीममधून तिचं नाव थोडक्यात हुकलं. ती रडली, मी समजूत घातली. इथवर मी स्वच्छ आहे.

मग एका सकाळी निवड समितीतल्या बाईंचा मला फोन आला. एक मुलगी जखमी झालीय, तिच्या जागी शीतलला कॅम्पला पाठवा. त्याच आठवड्यात आमची फायनल होती. शीतल नसती तर आम्ही हरलोच असतो, आणि मग माझी ऑर्डर — कुणी काढली असती? मी फार विचारही केला नाही, याचीच जास्त लाज वाटते. म्हणाले, "घरचे पाठवत नाहीत हो. वडील ऐकतच नाहीत."

बाई हळहळल्या. नवल मात्र त्यांना वाटलं नाही. मुलींच्या बाबतीत हे कारण कुणालाही पटतं.

आणि मारुतीरावांनी तर मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मॅडम, कुठं बी न्या. पोरीला मी अडवायचो न्हाई."

फायनल शीतलनेच जिंकून दिली. मला कायम केलं. तिला मात्र पुन्हा बोलावणं आलं नाही. "मीच कमी पडले," म्हणत ती एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. दर दिवाळीला मला फराळ आणून द्यायची. मी खायचे. घशाखाली उतरायचाही — खोटं कशाला सांगू?

गेल्या महिन्यात तिच्या शाळेत त्याच बाई पाहुण्या म्हणून आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, वडिलांनी तेव्हा अडवलं नसतं तर तू कुठच्या कुठे गेली असतीस. शीतल घरी जाऊन वडिलांवर तुटून पडली. ते शपथा घेत राहिले. तिथून ती थेट माझ्याकडे आली.

"मॅडम, बाबा तुमच्यासमोरच 'नाय पाठवत' बोललेले ना? मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही सांगितलं नाय ना?"

तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. पण मान हलवली — हो म्हणून. ती माझ्या गळ्यात पडून रडली.

आता ती वडिलांशी बोलत नाही. परवा मारुतीराव कॉलेजच्या गेटवर येऊन उभे राहिले. फार थकलेत. मला बघून त्यांनी हात जोडले. "मॅडम, तुमीच सांगा पोरीला. तुमचं ती ऐकती."

सांगते, म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.