शेवटच्या गड्याची खबर

भुईगावात पावसाळ्यात लितानी ठेवणारे घर एकच आहे. बाकीची घरे मे महिन्यात, अंगण कोरडे असताना, दारच्या क्रूसासमोर लितानीची प्रार्थना म्हणून घेतात आणि जमलेल्यांना उकडलेले चणे वाटतात. लुसीबाईंच्या दारची लितानी जुलैअखेर, छत्र्या धरून होते आणि तिथे चणे मिळत नाहीत. वाटीभर गाळलेली पेज मिळते. गावात नव्या आलेल्या सुना एकदा तरी विचारतात की हे असे का. जुनी माणसे सांगायचे टाळतात, म्हणून लिहून ठेवतो.

लुसीचा नवरा ऑगस्टीन मालाच्या सायकलवरून केळी आणि विड्याची पाने वसई रोड स्टेशनवर पोचवायचा. सायकल जड, मागचे कॅरिअर लोखंडी, आणि हाच गडी दर वर्षी गावच्या सणाच्या सायकल शर्यतीत तीच सायकल घेऊन उतरायचा. देवळापासून निघून समुद्रापर्यंत आणि परत. तो नेहमी शेवटचा यायचा. बँडवाले वाद्ये गुंडाळून निघालेले असत, आणि हा घंटी वाजवत मांडवात शिरे.

"अगस्तीन, पुढच्या सणाला आजच निघ," सेबेस्टियन त्याला चिडवायचा. हा त्याचा शेजारी आणि बालमित्र, मुंबईत एका कचेरीत कारकून.

"पयला कोनपन येतो रे," ऑगस्टीन म्हणायचा. "त्याला सोबत असते. शेवटच्याला सगला रस्ता एकट्यानं काढावा लागतो."

त्याचा थोरला भाऊ ज्युलियस बोटीवर आचारी होता. त्याने एका खेपेला फ्रान्समधून एक सचित्र मासिक आणले. तीन आठवडे देशभर, डोंगर चढत-उतरत चालणाऱ्या सायकल शर्यतीची चित्रे त्यात होती. एका चित्रात एक स्वार रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच आपले चाक दुरुस्त करत होता. खांद्यावरून छातीवर जादा टायर आडवा टाकलेला, तोंडाला चिखल. ज्युलियसने नाव वाचून दाखवले, रुव्हेल. हा दर वर्षी शेवटच्या पाच-सहांत असतो, असे त्याने बंदरावर ऐकले होते. ऑगस्टीनने ते पान फाडून पवित्र मातेच्या तसबिरीशेजारी चिकटवले.

"हा माजा मानूस," तो म्हणाला.

त्याच्या आईने, मॅग्डलीनने, टायर पाहून विचारले, "हा कोनत्या संताचा हार?" तेव्हापासून घरात रुव्हेलचे नाव टायरवाला पडले.

अठ्ठेचाळीस सालच्या जून अखेरीस ऑगस्टीनला ताप भरला. तो उतरेना. पापडीहून डॉक्टर आले, त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले आणि लुसीला ओटीवर बोलावले.

"मुदतीचा ताप आहे, टायफॉईड. तीन आठवडे घेईल. यावर औषध नाही, नर्सिंग आहे. दुधाचं पाणी, जवाचं पाणी, मोसंबीचा रस. घट्ट एक कण पोटात जायचा नाही. आतडं आतून कागदासारखं झालेलं असतं. ताप उतरल्यावरच जास्त सांभाळायचं. तेव्हा भूक लागते आणि तिथंच माणसं जातात."

आतून ऑगस्टीनचा आवाज आला, "तीन आठवडे? टायरवाल्याचीपन शर्यत तीन आठवड्यांची. ज्युलियसनं सांगितली ती तारीख परवाच झाली."

लुसी तेव्हा पंचविशीची. लग्नाला चार वर्षे झालेली, मूल नव्हते, आणि या घरात तिला मायेने हाक मारणारा तो एकच. ती भर पावसात अंगणातल्या क्रूसापाशी गेली आणि नवस बोलली. टायरवाला जसा पॅरिसला पोचेल तसा माझा माणूस तापातून पार पडू दे. तो पोचल्याची खबर आली की तुझ्यासमोर लितानी ठेवीन, गावाला चणे वाटीन, आणि पहिली मूठ माझ्या माणसाच्या हाताने उचलवीन. आमच्याकडे लितानीचा नवस असाच बोलतात. ज्याच्यासाठी बोलला त्याने पहिली मूठ खायची, मगच ताट बाहेर न्यायचे. बोलताना तिने वेगळा विचार केला नाही. रीत जशी होती तशी ती बोलली.

मॅग्डलीन सुनेवर बिघडली. "नवस कोनाच्या पायावर ठेवला? तो फ्रान्सवाला दारू पिऊन पडला म्हंजे?"

"तो पडत नाय, आय. तो शेवटी येतो, पन येतो."

आता खबर कळायची कशी, हा प्रश्न होता. सेबेस्टियनच्या कचेरीत इंग्रजी पेपर येई. साहेबाचे वाचून झाले की तो संध्याकाळी घेऊन येऊ लागला. पेपरच्या मागच्या पानावर, क्रिकेट आणि घोड्यांच्या खाली, शर्यतीच्या तीन-चार ओळी असत. पहिला कोण, दुसरा कोण, एकूण आघाडीवर कोण. कधी त्याही नसत.

"रुव्हेल?" लुसी विचारी.

"त्याचं नाव नाय, वयनी."

"नाय म्हंजे? पडला?"

"शेवटच्यांची नावं पेपरवाले छापत नाहीत."

"मग पडला का चालतो, हे आपल्याला कसं समजायचं?"

पहिल्या आठवड्यात ऑगस्टीन शुद्धीवर होता. तो हसून म्हणाला, "नाव नाय म्हंजे चालतो. पडला असता तर छापलं असतं." लुसीने तोच आधार धरला. दर संध्याकाळी ती पेपर येईपर्यंत दारात उभी राही, नाव आले नाही असे ऐकले की आत जाऊन नवऱ्याच्या कपाळावरची पट्टी बदली. पण एकदा पेपरात आले की डोंगरातल्या थंडीपावसाने बऱ्याच जणांनी शर्यत सोडली. कोणी सोडली, ते नव्हते. त्या दिवसापासून नाव न येण्याचा आधारही गेला.

दुसऱ्या आठवड्यात ऑगस्टीन बरळू लागला. चादर चिमटीत धरून ओढी, पाय पायडल मारल्यासारखे हलवी. "चेन उतरली," म्हणे. "लुसी, मागून धर. चढ हाय." लुसी त्याचे दोन्ही तळपाय हातात धरून बसे. भुईगावात चढ असा कुठे नाही. हा कोणता डोंगर चढतो आहे, असे ती मॅग्डलीनला विचारी, आणि दोघी एकमेकींकडे न पाहता जपमाळ पुढे ढकलत.

मॅग्डलीनचाही ताठा उतरला. सेबेस्टियनची पावले वाजली की आधी तीच विचारी, "टायरवाला कुठं?"

"नाव नाय, आये."

"मेल्या, तुज्या पेपरात कामाचं काय छापतात तरी का?"

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी घाम फुटला आणि ताप उतरू लागला. ऑगस्टीनचे नुसते डोळे आणि हाडे राहिली होती. तो भाकरी मागू लागला, सुका बोंबील मागू लागला. "टायरवाल्याला सायकलवर कोंबडीची तंगडी देतात. ज्युलियसनं सांगितलं. मला जवाचं पानी." लुसी त्याला पाणीच पाजी. शेजारची एमिली रव्याची खीर घेऊन आली, ती लुसीने दारातूनच परत केली. एमिली रागावून गेली.

मग पेपरात आले की शर्यत पॅरिसला संपली. जिंकणाऱ्याचे नाव ठळक होते. रुव्हेल कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी लुसी कुडाला टेकून उभी होती. नवस फेडावा तर तो पोचल्याची खबर नाही, आणि खोटा नवस फेडणे हे पाप. थांबावे तर तो खरेच पोचला असेल आणि आपण दिलेला शब्द मोडत असू. ताप उतरलेला होता, पण पुन्हा चढायला काय लागते?

"सेबेस्टियन, खरं सांग. पोचला का?"

"पोचला असंल, वयनी."

"असंल नको मला."

सेबेस्टियनने तिच्याकडे पाहिले. तीन आठवड्यांत ती म्हातारी दिसू लागली होती. "पोचला," तो म्हणाला. "आमच्या कचेरीतल्या गोवेकराकडं दुसरा पेपर येतो. त्यात हाय."

लितानी दुसऱ्या दिवशी झाली. पाऊस थांबला नाही. क्रूसाभोवती पंधरा-वीस माणसे, मेणबत्त्या कंदिलाच्या काचेत. चण्याचे पातेले चुलीवरून उतरले तेव्हा लुसी त्यातली वाटी घेऊन आत गेली. डॉक्टरांचे शब्द तिला पाठ होते. पण हा एवढा नवस तिने शेवटच्या पायरीपर्यंत आणला होता, आणि शेवटच्या पायरीवर कसर ठेवायची तिला भीती वाटली. तिने तीन चणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"तोंडाला लाव नुसते. गिलू नको."

"पोचला ना तो?"

"पोचला."

ऑगस्टीनने चणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून चावू लागला. बाहेरून मॅग्डलीनने हाक मारली, ताट आणा, माणसं भिजतात. लुसी वाटी उशाशी ठेवून ताट घेऊन गेली. ती परत आली तेव्हा वाटी रिकामी होती. ऑगस्टीन ओशाळून हसला. "मूठभर बोलली होतीस ना? तीन चन्यांनी नवस फिटतो का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओरडून उठला. पोट फळीसारखे झाले होते, अंगावर गार घाम. डॉक्टर टांग्याने आले, पोटाला हात लावून त्यांनी तो लगेच काढून घेतला. "फादरना बोलवा," एवढेच म्हणाले. फादर मरणाऱ्याला लावायचे पवित्र तेल लावून गेले. संध्याकाळी, सेबेस्टियन पेपर घेऊन येण्याच्या वेळेला, ऑगस्टीन गेला.

डॉक्टर नंतर म्हणाले, चण्यांनीच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. आतडं आधीच फाटायला आलं असेल. लुसीने मान हलवली, पण ऐकले नाही.

नाताळात ज्युलियस घरी आला. भावाच्या थडग्यावर जाऊन आल्यावर तो ओटीवर बसला. मग लुसीने विचारले, "भावजी, तो टायरवाला. पोचला होता का?"

शेजारी बसलेला सेबेस्टियन उठू लागला. "बस," लुसी म्हणाली.

"रुव्हेल?" ज्युलियस म्हणाला. "आमची बोट तेव्हा मार्सेलला होती. मी रस्त्यावर जाऊन बघितला त्याला. सगले गेल्यावर आला, टायर खांद्यावर. पॅरिसलापन पोचला. शेवटून तिसरा का चौथा."

सेबेस्टियनने तोंड ओंजळीत घेतले. त्याचे खोटे खरे निघाले होते आणि त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. लुसीने दारातून आत, भिंतीवरच्या त्या पानाकडे पाहिले. "म्हंजे देवानं त्याच्याकडचं केलं होतं," ती म्हणाली. "मागनी माजी चुकली. मूठ बोलायची नव्हती."

पुढल्या जुलैत तिने पुन्हा लितानी ठेवली आणि पेज वाटली. मॅग्डलीनने पहिली वाटी घेतली. दोघी त्या घरात आणखी अकरा वर्षे एकत्र राहिल्या.

शर्यत दर वर्षी होतेच. जुलै लागला की लुसीबाई सेबेस्टियनला विचारत, सुरू झाली का, आणि तीन आठवडे संध्याकाळी दारात उभ्या राहत. पहिला कोण आला हे त्यांनी कधी विचारले नाही. संपली असे कळले की एकच प्रश्न असे.

"शेवटचा पोचला का?"

"ते पेपरात नाय, वयनी," सेबेस्टियन सांगे. त्या एका खोट्यानंतर त्याने या प्रश्नाला दुसरे उत्तर कधी दिले नाही.

"बरं," म्हणून त्या आत जात आणि चुलीवर तांदूळ चढवत.