तिसऱ्या बटणावरचं कानडी

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याची माफी आधीच मागते. ही वही कुणाला दाखवायची नाही. तोंडानं बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

शाहूपुरीत एका जैन घरी मी सहा वर्षं तिथल्या म्हाताऱ्या आजींना, म्हणजे अव्वांना, सांभाळायला जात होते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. अव्वांची दृष्टी गेली होती. यजमान वारलेले, मुलगा पुण्याला. माहेर चिकोडीकडचं, त्यामुळं जन्माची भाषा कानडी. पण कोल्हापुरात त्यांच्याशी कानडी बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं. बोलायचा तो एक रेडिओच. वायफायवर चालणारा, यजमानांनी आणलेला, काळा, वर चार बटणं. अव्वा बोटानं चाचपून एक, दोन, तीन मोजायच्या. तिसरं दाबलं की कानडी सुरू व्हायचं ते दिवसभर. मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. त्या मात्र मध्येच हसायच्या, कधी त्याला उलट उत्तरही द्यायच्या. मला तंगी म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

गेल्या वर्षी वायफायचा डबा सारखा बंद पडायला लागला. दादांनी, म्हणजे त्यांच्या मुलानं, पुण्यातूनच नवा बसवायची सोय केली. बसवणारा आला तेव्हा अव्वा झोपल्या होत्या. तो स्टुलावरूनच म्हणाला, "मावशी, जुन्या वायफायचं नाव आन् पासवर्ड सांगा की. त्योच टाकतो, म्हंजे घरातलं सगळं आपोआप जोडलं जातंय."

नाव-पासवर्डचा कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, यजमानांच्या हातचा. डाळीचा डबा काढताना रोज दिसायचा. पण अक्षरं इंग्रजी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि माझी शाळा चौथीलाच सुटली. कागद नुसता पुढं केला असता तरी झालं असतं. पण हा आता वाचून दाखवा म्हणेल, या भीतीनं तोंडातून निघून गेलं, "म्हाईत न्हाय."

"मग नवंच टाकतो," म्हणाला, आणि दहा मिनिटांत उरकून गेला.

अव्वा उठल्या आणि त्यांनी तिसरं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. रेडिओवरचा दिवा नुसता उघडझाप करत होता, पण तो त्यांना कुठला दिसायला.

"तंगी, मेला का काय गं ह्यो?"

दादा फोनवर म्हणाले, "त्याचं ॲप कंपनीनं कधीच बंद केलंय. नवं नाव त्याला सांगायची सोयच नाही. टाकून द्या मावशी, मी दुसरा पाठवतो." दुसरा आला. त्याला हाक मारून सांगावं लागायचं. अव्वांनी हाक मारली, कानडीत सांगितलं. त्यानं हिंदी गाणं लावलं. परत हाक मारली, त्यानं पावसाचा अंदाज सांगितला.

"एवढ्या हाका मी नवऱ्याला मारल्या न्हाईत," अव्वा म्हणाल्या. "काढ त्याची पिन."

मग घर गप्प झालं. त्या अर्ध्या भाकरीवरून उठायला लागल्या. एका दुपारी मी दारात उभी होते, तर त्या एकट्याच कानडीत बोलत होत्या. एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, समोरच्याला बोलायला वेळ द्यायच्या, मग पुढचं. ते मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिओ आणि कपाटावरचा कागद पिशवीत घालून राजारामपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं रेडिओ लावून बघितला.

"ह्यो ठणठणीत हाय की. जुन्या नावाला शोधत बसलाय, आन् त्या नावाचं घरात कोणच न्हाय. त्यात आजकालच्या राऊटरचं कुलूप नव्या तऱ्हेचं, ह्याला ते उघडत न्हाय. बसवणाऱ्याला तवाच सांगितलं असतं तर त्यानं नाव आन् कुलूप दोन्ही जुनंच ठेवलं असतं, फुकटात."

"आता?"

"आता वायफायच्या कंपनीला फोन लावा, ती बदलून देतील. न्हायतर माझ्याकडं जुना राऊटर हाय. नव्याला वायरनं जोडायचा, जुनं नाव, जुना पासवर्ड. फकस्त रेडिओपुरता. हजार रुपयं, बसवून."

वायफाय दादांच्या नावावर, कंपनीला फोन करायचा तर तो त्यांनीच. मग मी काय म्हणाले होते ते निघालं असतं. अव्वांच्या कपाटात कापडात बांधलेले पाच हजार होते, आपल्या माघारी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, द्यायचे म्हणून ठेवलेले. त्यातले हजार मी घेतले. मागितले असते तर त्यांनी दिले असते. पण कशाला, ते सांगावं लागलं असतं.

रेडिओ लागला. "आला गं, आला!" म्हणत अव्वांनी त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. मी मोरीत जाऊन घासलेलीच भांडी परत घासत बसले.

दर पगाराला शंभर रुपये मी त्या कापडात परत ठेवत होते. चौथ्या महिन्यात अव्वांनी ती पुरचुंडी मागून घेतली आणि तळहातावर तोलली.

"तंगी, ही हलकी का लागती गं?"

"कापड धुतलंय, अव्वा."

त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. "व्हय. धुतल्यावर हलकं व्हतंय," म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी ती कधी मागितली नाही.

थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात चौथ्या दिवशी त्या वारल्या. सातशे रुपये परत झाले होते, तीनशे राहिले होते.

दादांनी घर बंद केलं. वायफाय तोडलं. रेडिओ मला दिला. माझ्या घरी वायफाय नाही, तो फळीवर नुसता आहे. शेवटी त्यांनी ती पुरचुंडी माझ्या हातात ठेवली, गाठ न सोडता.

"आईनं दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, हे तंगीच्या हातानंच बस्तीत जाऊ दे म्हणून."

मला खाली बघवेना, वर बघवेना. त्यांना वाटलं मी दुःखानं रडते. दुःख होतंच.

बस्तीच्या पायरीवर बसून मी गाठ सोडली आणि शेवटच्या पगारातले तीनशे आत घातले. आत उपाध्यांनी नोटा मोजल्या, परत मोजल्या, आणि अव्वांच्या नावानं पावती फाडली. पुरे पाच हजार.